मार्नर गेला, मुलाला काय सांगू?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगा अकरा वर्षांचा, आइस हॉकीपटू मिच मार्नरचा भक्त. १६ नंबरची निळी जर्सी दोन हिवाळे त्याच्या अंगावरून उतरली नव्हती. मार्नर टोरांटो मेपल लीफ्स हा संघ सोडून लास वेगासच्या संघात गेला त्या आठवड्यात त्यानं ती कपाटाच्या तळाशी कोंबून टाकली. तुम्ही लिहिलंय की प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाच्या शेवटच्या बाद फेऱ्यांत, लीफ्स हरले की घरात सगळ्यांत जास्त शिव्या मार्नरलाच पडायच्या, आणि त्या देण्यात तुम्हीच पुढे असायचात. मग तो गेल्यावर घरात सुतकासारखं का वाटतंय? आणि वेगासचा संघ टोरांटोत खेळायला आला की टाळ्या वाजवायच्या की हुर्यो करायची?

मी कुठून बोलतेय ते आधी सांगते. मूळची साताऱ्याची, राहते टोरांटोशेजारच्या मिसिसागात. सोळा वर्षांपूर्वी मुलाच्या स्केट्सच्या नाड्या बांधायला म्हणून रिंकवर गेले, पुढे संघाची ट्रेनर झाले, आणि गेली अकरा वर्षं हाऊस लीगमधल्या, म्हणजे हौशी स्थानिक संघांतल्या, नऊ ते बारा वर्षांच्या मुलांना शिकवते. व्यावसायिक खेळाडूंचे करार हा माझा धंदा नाही, पण त्या करारांचे परिणाम माझ्या ड्रेसिंग रूममध्ये दर सप्टेंबरला येऊन बसतात. उन्हाळ्यात कुणाचा ना कुणाचा आवडता खेळाडू गेलेला असतो आणि कुणीतरी पोर पहिल्या सरावाला तोंड पाडून आलेलं असतं.

टाळ्या की हुर्यो, हा तुमचा प्रश्न वरचा आहे. त्याखालचा खरा प्रश्न मला असा दिसतो: एकाच माणसाचा राग येतो आणि त्याच माणसासाठी पोटात तुटतं, तर यातलं खोटं काय? माझ्या मते दोन्ही खरं आहे. तुम्हाला एकाच गोष्टीबद्दल दोन भावना होत नाहीयेत, दोन वेगळ्या गोष्टींबद्दल होतायत. राग आहे तो हिशोबाचा: काय ठरलं होतं, काय मिळालं, कशा रीतीनं गेला. वाईट वाटतं ते सवयीचं: नऊ हिवाळे आठवड्यातून तीन संध्याकाळी हा मुलगा तुमच्या बैठकीच्या खोलीत होता. हिशोब फिटला म्हणून सवय सुटत नाही. नोकरीत न पटणारा सहकारी गेला तरी त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे आठवडाभर लक्ष जातंच ना, तसं.

आधी रागाचं बघू, कारण तो बराचसा माहितीवर अवलंबून असतो. अकरा वर्षांच्या मुलाला ही माहिती कुणी नीट सांगत नाही. त्याला फक्त ‘पैशासाठी गेला’ एवढंच ऐकू येतं.

एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक हॉकी लीगमध्ये, पोरगा अठरा वर्षांचा झाला की ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपात, कुठला तरी क्लब त्याचं नाव घेतो. तो क्लब त्यानं निवडलेला नसतो. त्यानंतर साधारण सात मोसम होईपर्यंत किंवा वयाची २७ वर्षं भरेपर्यंत त्याला हवं तिथे जायची मोकळीक नसते. म्हणजे ज्या १ जुलैला तो पहिल्यांदा फ्री एजंट होतो, तो त्याच्या आयुष्यातला कुठे खेळायचं हे स्वतः ठरवायचा पहिला दिवस असतो. आपण म्हणतो ‘त्यानं आपल्याला सोडलं’. त्याच्या बाजूनं बघितलं तर आपल्याला धरलं असं त्यानं कधी ठरवलेलंच नव्हतं, ड्राफ्टनं ठरवलं होतं. हे मुलाला सांगा. मी सांगते तेव्हा निदान दोन-तीन डोकी तरी वर होतात, कारण हाऊस लीगमध्येही कुठल्या संघात जायचं हे त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

मार्नरच्या बाबतीत एक गाठ जास्तीची आहे. तो मार्कहॅमचा, म्हणजे टोरांटोच्या अगदी शेजारचा. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर लीफ्सनं त्याला घेतलं, तेव्हा घरचं पोर घरी आलं असंच इथं सगळ्यांना वाटलं. ६५७ सामन्यांत ७४१ गुण (स्वतःचे गोल आणि असिस्ट मिळून), त्यातले ५२० असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास. शेवटच्या मोसमात १०२ गुण. हे आकडे वाईट कोण म्हणेल? २०२२ मध्ये सलग २३ सामन्यांत त्यानं गुण मिळवले, तो लीफ्सचा विक्रम आहे.

मग राग कशाचा? त्याची मुळं २०१९ मध्ये आहेत. त्या वर्षी त्याचा करार अख्खा उन्हाळा लोंबकळला आणि सप्टेंबरच्या मध्यावर सराव शिबिराच्या तोंडावर झाला: सहा वर्षं, वर्षाला सुमारे १ कोटी ९ लाख डॉलर. ओढाताण खूप झाली आणि ती उघड्यावर झाली. एनएचएलमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते, तिला सगळे नुसतं कॅप म्हणतात. २००४-०५ चा पूर्ण मोसम टाळेबंदीत वाया गेल्यानंतर ती आली. २०१९-२० मध्ये ती ८ कोटी १५ लाख डॉलर होती, आणि मॅथ्यूज, तवारेस, मार्नर आणि नीलँडर या लीफ्सच्या चौघांचे पगार मिळून जवळजवळ निम्मी कॅप भरत होती. कॅप दरवर्षी वाढेल या हिशोबानं हे करार झाले होते. महामारी आली आणि ती तीन मोसम तिथंच गोठली. उरलेल्या निम्म्यात गोलरक्षक, बचावफळी आणि बाकी सगळा संघ बसवायचा. त्यामुळे दर वसंतात सातव्या सामन्यात हरलं की लोकांच्या डोक्यात एकच गणित सुरू व्हायचं, आणि ज्यानं पैशासाठी सगळ्यांत जास्त ताणलं असं वाटत होतं त्याच्यावर ते येऊन थांबायचं.

त्यात लीफ्सनं स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, शेवटचं जिंकलं १९६७ मध्ये. मार्नरच्या नऊ मोसमांत प्लेऑफच्या मालिका जिंकल्या फक्त दोन, २०२३ मध्ये टॅम्पाविरुद्ध आणि २०२५ मध्ये ऑटवाविरुद्ध. मे २०२५ मध्ये फ्लोरिडाविरुद्धचा सातवा सामना घरच्या बर्फावर ६-१ नं गेला आणि चिडलेल्या प्रेक्षकांनी फेकलेल्या जर्सी रिंकवर आल्या. त्या रात्री बर्फावर पडलेल्यांत तुमच्या मुलाच्या मापाचीही एखादी असेल.

हा राग मला समजतो. पण तो जाण्याआधीचा आहे, जाण्याचा नाही. तुम्ही दोन्ही एकाच गाठोड्यात बांधताय. तो गेला नसता तरी तुम्ही त्याच्यावर चिडलेलेच होतात. ‘सुंठीवाचून खोकला गेला’ असं मनातल्या मनात म्हणूनही झालं असेल. खोकला गेल्यावर रात्रीची शांतता वेगळी वाटते, म्हणून तुम्हाला झोप येत नाहीये.

जाण्याची रीत कशी होती, तर मी पाहिलेल्यांत बरीच सरळ. जून संपता संपता लीफ्सनं त्याच्याशी आठ वर्षांचा, ९ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला आणि लगेच त्याला वेगास गोल्डन नाइट्सकडे पाठवून बदल्यात निकोला रुआ हा सेंटर, म्हणजे आघाडीच्या फळीतला मधला खेळाडू, घेतला. हा उलटा वाटणारा उपद्व्याप अशासाठी की त्या वेळच्या नियमांनुसार स्वतःच्या खेळाडूला आठ वर्षं देता यायची, बाहेरच्याला सातच. म्हणजे काटेकोर बोलायचं तर तो फ्री एजंट म्हणून गेलाच नाही, १ जुलै उजाडायच्या आत व्यवहार झाला. क्लबच्या हाताला काहीतरी लागलं, त्याला एक वर्ष जास्त मिळालं. शिवाय नेवाडात राज्याचा प्राप्तिकर नाही आणि ओंटारियोत वरच्या उत्पन्नावर निम्म्याहून जास्त जातो, हे तुम्हाआम्हाला टी-४, म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा कागद, हातात आला की वेगळं सांगावं लागत नाही.

आता मी तुम्हाला काही वर्षं मागे नेते, कारण टोरांटोच्या माणसाला हा प्रश्न नीट कळायचा असेल तर त्यानं तो दुसऱ्या बाजूनं एकदा बघायला हवा.

१ जुलै २०१८, कॅनडा डे. आम्ही आठ-दहा मराठी कुटुंबं लेकशोअरच्या एका पार्कात जमलो होतो. शेगडीवर कणसं, टेबलावर शेंगदाण्याची चटणी आणि कुणीतरी केलेली शेवभाजी. दुपारी एकाचा फोन वाजला आणि तो उभा राहून ओरडला, “तवारेस आला!” जॉन तवारेस, मिसिसागात जन्मलेला, ओकव्हिलमध्ये वाढलेला, न्यूयॉर्क आयलंडर्सचा कर्णधार. सात वर्षं, ७ कोटी ७० लाख डॉलर, आणि आपल्या गावात. त्यानं लहानपणचा एक फोटो टाकला होता, लीफ्सच्या चादरीत झोपलेला. आम्ही त्या फोटोवर विरघळलो. पोरं बापांच्या खांद्यावर चढून नाचली. माझ्या मुलाच्या हातातलं कणीस मातीत पडलं तरी त्याला भान नव्हतं.

त्याच फोटोनं आयलंडर्सच्या घरी, लाँग आयलंडवर, काय झालं असेल याचा त्या दुपारी आमच्यातल्या एकानंही विचार केला नाही. मीही केला नाही. २००९ च्या ड्राफ्टमध्ये त्यांनी पहिल्या क्रमांकावर त्याला घेतलं होतं. वाईट संघ, पडीक रिंक, त्यात हा एकटा उजेड. १९९३ नंतर त्यांनी प्लेऑफची पहिली मालिका जिंकली ती २०१६ मध्ये, आणि निर्णायक सामन्यात बरोबरीचा गोलही त्याचा, दुसऱ्या जादा वेळेतला विजयी गोलही त्याचा. त्या संघाला वाटत होतं तो राहील. तो मोसम संपेपर्यंत थांबला आणि निघून गेला. क्लबला बदल्यात एक खेळाडू नाही, ड्राफ्टमधली एक निवड नाही. चक्क हातावर तुरी. २८ फेब्रुवारी २०१९ ला तो लीफ्सकडून आयलंडर्सच्या नासाऊ कोलिझियममध्ये खेळायला उतरला तेव्हा त्याच्यावर जर्सी आल्या, प्लास्टिकचे साप आले, स्वागताच्या चित्रफितीवर सुद्धा हुर्यो झाली. आयलंडर्सनं तो सामना ६-१ नं जिंकला. आम्ही टीव्हीसमोर बसून ‘काय ही माणसं’ म्हणत होतो.

सहा वर्षांनी तोच आकडा, ६-१, आणि जर्सी टाकणारे आपण.

दोन्ही प्रसंगांत खेळाडू जे करत होता ते सारखंच होतं. तवारेसला घरी यायचं होतं, मार्नरला घरापासून लांब जायचं होतं. एकदा आपण त्याला निष्ठा म्हटलं, एकदा गद्दारी. मुलाला हे सांगताना ‘म्हणून तू चिडू नकोस’ असं जोडू नका. नुसतं सांगा आणि गप्प बसा. माझा अनुभव असा आहे की पोरं ही गोष्ट स्वतःच चघळतात आणि दोन दिवसांनी गाडीत मागच्या सीटवरून काहीतरी विचारतात.

तरीही सगळं जाणं सारखं नसतं, आणि इथं मला ‘ते परिस्थितीवर अवलंबून आहे’ असं म्हणावंच लागेल. स्टीव्हन स्टॅमकोसचं बघा. तोही मार्नरसारखा मार्कहॅमचाच. टॅम्पात सोळा मोसम, दहा वर्षं कर्णधार, २०२० आणि २०२१ चे दोन कप. २०२४ च्या १ जुलैला तो नॅशव्हिलला गेला, चार वर्षं, वर्षाला ८० लाख डॉलर. त्याच सुमारास टॅम्पानं जेक गेंट्झलला सात वर्षांसाठी घेतलं. राहायची इच्छा त्यानं बोलून दाखवली होती, क्लबनं त्याच्या अपेक्षेएवढं दिलं नाही. ऑक्टोबरमध्ये तो टॅम्पात परत खेळायला आला तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहिलं. कप जिंकून दिलेला माणूस आणि दार लावणारा क्लब, अशी ती जोडी होती, म्हणून लोकांना राग कुठं ठेवायचा हे कळलं. हॉकीतला सगळ्यांत मोठा मानला जाणारा खेळाडू वेन ग्रेट्स्की, त्याला ऑगस्ट १९८८ मध्ये एडमंटननं लॉस एंजेलिसकडे दिलं तेव्हाही तसंच, लोकांनी पुतळा जाळला तो मालकाचा.

मार्नरच्या बाबतीत कप नाही, आणि दार कुणी लावलं हे धड सांगता येत नाही. म्हणूनच तुमच्या घरात राग आणि वाईट वाटणं एकमेकांत अडकलंय. टॅम्पाच्या माणसाला रडणं सोपं होतं, लाँग आयलंडच्या माणसाला चिडणं सोपं होतं. तुमचं मधलं आहे, आणि मधलं सगळ्यांत अवघड.

या मधल्याचं मला सगळ्यांत जवळचं वाटणारं उदाहरण ऑटवाचं आहे. डॅनिएल अल्फ्रेडसन, स्वीडनहून आलेला, ऑटवाच्या सेनेटर्स संघाकडे सतरा मोसम, १९९९ पासून कर्णधार. त्या शहरात त्याच्याइतका आपला कुणी नव्हता. जुलै २०१३ मध्ये वयाच्या चाळिशीत तो एका वर्षासाठी डेट्रॉइटला गेला. कप जिंकायची शेवटची संधी हवी होती, आणि पैशांच्या बोलण्यात क्लबशी बिनसलं होतं. १ डिसेंबरला तो परत आला तेव्हा त्याच प्रेक्षकांनी त्याला उभं राहून मानवंदनाही दिली आणि हुर्योही केली. माझ्या ओळखीचं एक जोडपं तेव्हा ऑटवाच्या कनाटा भागात राहायचं, ते त्या सामन्याला गेलं होतं. ती सांगत होती, “चित्रफीत सुरू असताना मी रडत होते आणि तीन मिनिटांनी त्याच्याकडे पक आला तर माझाच आवाज सगळ्यांत मोठा.” तिला त्याची लाज वाटत होती. मला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसलं नाही. चित्रफीत चालू होती तेव्हा ती सतरा वर्षांशी बोलत होती. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, त्याच्याकडे आला तेव्हा अल्फ्रेडसन समोरच्या संघाचा एक फॉरवर्ड होता, आणि त्यानं गोल करू नये हीच तिची इच्छा असायला हवी. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१४ मध्ये, अल्फ्रेडसननं एका दिवसाचा करार करून सेनेटर म्हणून निवृत्ती घेतली. २९ डिसेंबर २०१६ ला त्याचा ११ नंबर सन्मानानं निवृत्त करून छताला टांगला गेला. समोरचा पाहुणा संघ होता डेट्रॉइट.

भारतातल्या कुणाला हे समजावून सांगायची वेळ आली तर मी वानखेडेचं सांगते. हार्दिक पंड्या मुंबईकडून गुजरातला गेला, तिथं पहिल्याच वर्षी जिंकला, परत आला आणि डिसेंबर २०२३ मध्ये रोहितच्या जागी कर्णधार झाला. २०२४ च्या आयपीएलमध्ये वानखेडेवर, स्वतःच्या घरच्या मैदानावर, त्याची नाणेफेकीपासून हुर्यो झाली. मग २९ जूनला बार्बाडोसमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातलं शेवटचं षटक त्यानं टाकलं, आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर झाला. तीन महिन्यांत माणूस बदलला नव्हता. मुंबईकर खोटे होते का? नाही, त्यांचा एप्रिलही खरा होता आणि जुलैही खरा.

आता माझ्या रिंकवरचं. हाऊस लीगमध्ये पहिल्या काही सामन्यांनंतर संघ सारखे करण्यासाठी मुलं इकडून तिकडे हलवतात. शिवाय दर वसंतात चाचण्या होतात आणि एखादं चांगलं पोर वरच्या पातळीच्या संघात निवडलं जातं. म्हणजे आमच्याकडेही ‘तो गेला’ हे दरवर्षी होतं. मोसमाच्या सुरुवातीला आम्ही प्रत्येकाच्या हेल्मेटवर पांढऱ्या टेपची पट्टी लावतो आणि त्यावर मार्करनं नाव लिहितो, म्हणजे नव्या प्रशिक्षकांना नाव घेऊन हाक मारता येते. पाच वर्षांपूर्वी आमचा सगळ्यांत चांगला सेंटर मोसमाच्या मध्येच वर गेला. पुढच्या सरावाला त्याच्या लाइनवरचा, म्हणजे त्याच्याबरोबर एकाच तुकडीत खेळणारा, डावा विंगर आला आणि त्यानं स्वतःच्याच हेल्मेटवरची टेप नखानं खरवडायला घेतली. मी विचारलं, हे काय. म्हणाला, “ही त्यानं लावली होती.” खरंच, अक्षर त्या दुसऱ्याचं होतं, शेवटचं अक्षर उलटं काढलेलं.

मी तेव्हा चूक केली. म्हटलं, तुला त्याच्यासाठी आनंद वाटायला हवा. पोरानं मान हलवली, टेप पूर्ण काढली आणि पुढचे तीन आठवडे माझ्याशी धड बोललं नाही. त्याला आनंद वाटत होता की नाही हा प्रश्नच नव्हता. त्याला सेंटर हवा होता. त्याला मनापासून पास देणारा माणूस गेला होता आणि मी त्याला सभ्यता शिकवत होते. त्यानंतर मी एक वाक्य कायमचं बंद केलं: ‘वाईट वाटून घेऊ नकोस, हा धंदा आहे.’ धंदा आहे हे खरं, पण मुलानं जर्सी धंदा म्हणून घातलेली नसते. मोठ्यांनी धंदा शब्द उच्चारला की त्याला कळतं की आपण मूर्ख ठरलो. मग पुढच्या खेळाडूवर तो जीव लावत नाही, आणि तो तोटा मला मार्नर जाण्यापेक्षा मोठा वाटतो.

त्याऐवजी मी आता काय करते ते सांगते, तुम्हाला घरी करता येईल. मी विचारते, त्याच्याकडून काय शिकलास? अगदी खेळातलं, हातातलं. मार्नर गोलसाठी पास देणारा आहे म्हणून सगळे त्याला ओळखतात, पण मी मुलांना त्याचं दाखवायचे ते वेगळं. समोरचा पक घेऊन निघाला की मार्नर मागून येतो, शेवटच्या दोन ढांगा गप्प टाकतो, स्वतःच्या स्टिकचं पातं त्याच्या स्टिकच्या दांड्याखाली घालून एक इंच उचलतो, आणि पक घेऊन उलट्या दिशेनं गेलेला असतो. जोर लागत नाही, वेळ साधावी लागते. लहान चणीच्या मुलांना तर हे वरदान आहे, आणि आपल्या घरातली बरीच मुलं त्या वयात लहान चणीची असतात. तुमचा मुलगा मार्नरचा भक्त होता म्हणजे हे त्यानं नक्की घोटलेलं असणार, गॅरेजसमोर टेनिस बॉल घेऊन. ते वेगासला गेलेलं नाही. एकदा त्याला म्हणा, मला दाखव कसं करायचं. तुमच्या हातात स्टिक द्या आणि पक काढून घेऊ दे त्याला. मार्नरबद्दल जे बोलायचं असेल ते तो तेव्हा बोलेल.

तो तुम्हाला असंही विचारू शकतो की आपण शिव्या दिल्या म्हणून तो गेला का. माझ्या संघातल्या एका मुलीनं मला विचारलं होतं. हरल्यानंतर घराबाहेर पहारा ठेवावा लागला असं मार्नरनं पुढे स्वतः सांगितलं, तेव्हा हा प्रश्न मुलांच्या डोक्यात येणं साहजिक आहे. मी तिला म्हटलं, आपल्या घरातल्या शिव्यांनी नाही, पण सगळ्या घरांतल्या मिळून थोडंफार असू शकेल. यात मुलाला वाचवायला जाऊ नका. टीव्हीसमोर तुम्ही जे बोलत होतात ते त्यानं ऐकलंय. “मी जास्त बोललो, ते त्याच्या खेळाबद्दल होतं, पण तुला ते तसं ऐकू आलं नसेल,” एवढं बापानं म्हटलं तर पोराचा निम्मा भार उतरतो. हे अवघड आहे, मला माहीत आहे. माझ्या घरात मला म्हणावं लागलं होतं, दुसऱ्या एका खेळाडूबद्दल.

मग टाळ्या की हुर्यो? वेगास पश्चिमेचा संघ, दर मोसमात एकदाच टोरांटोत येतो, त्यामुळे वर्षातून एकच संध्याकाळ हा प्रश्न पडणार. तिकीट काढून जाणार असाल तर आमच्या घरचा नियम सांगते. चित्रफीत किंवा नाव घेणं चालू असेल तेव्हा हुर्यो नाही. टाळ्या वाजवाव्याशा नाही वाटल्या तर हात मांडीवर ठेवून बसा, चालतं. सामना सुरू झाल्यावर त्याच्याकडे पक आला की खुशाल ओरडा. तो खेळाचा भाग आहे, त्याच्या कानावर पंधरा वर्षांचा असल्यापासून पडतोय. त्याच्या बायकोमुलांवरून किंवा आईबापांवरून शब्द नाही, रिंकवर नाही आणि फोनवर लिहून तर मुळीच नाही. मोठा आवाज आणि ओंगळ आवाज यातला फरक मुलाला तिथं बसूनच शिकवता येतो, घरी बसून भाषण देऊन येत नाही. आणि मुलाला टाळ्या वाजवायच्या असतील आणि तुम्हाला ओरडायचं असेल, तर दोघांनी आपापलं करा. शेजारी शेजारी बसून दोन वेगळ्या गोष्टी करणारे बापलेक मी खूप पाहिलेत, सामन्यानंतर एकाच गाडीतून घरी जातात.

किती दिवस चालेल हेही तुम्ही विचारलंय. सांगता येत नाही. नवीन मोसम सुरू झाला आणि संघ बरा खेळला की मोठ्यांचं लवकर ओसरतं. आयलंडर्सच्या लोकांना तवारेस गेल्यावरच्या पहिल्याच वर्षी मोठं औषध मिळालं: बॅरी ट्रॉट्झ प्रशिक्षक आला, सगळ्यांत जास्त गोल खाणारा संघ सगळ्यांत कमी गोल खाणारा झाला, प्लेऑफमध्ये पिट्सबर्गला ४-० नं घालवलं, आणि पुढच्या दोन्ही वर्षी शेवटच्या चारांत पोहोचला. तरी तवारेसच्या नावानं तिथं अजून नाकं मुरडतात. पिट्सबर्गचा जुना तारा यारोमिर यागर २०११ मध्ये परत एनएचएलमध्ये आला तेव्हा पिट्सबर्गऐवजी फिलाडेल्फियाला, म्हणजे थेट वैऱ्याकडे गेला. त्याचा ६८ नंबर पिट्सबर्गच्या छताला लागायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. मुलांचं मात्र वेगळं असतं. त्यांचं एखाद्या मंगळवारी, काहीही न घडता ओसरतं.

जर्सीचं तेवढं राहिलं. फेकू नका, कुणाला देऊ नका, आणि त्याला घाल म्हणूही नका. नावावर टेप चिकटवायची कल्पना त्याच्या मित्रांनी दिलीच असेल; गोंद कापडात बसतो आणि नंतर निघत नाही, तेव्हा तेवढं करू देऊ नका. कपाटातून काढून एकदा धुवून घ्या: उलटी करून, थंड पाण्यात, आणि ड्रायरमध्ये न टाकता हँगरवर वाळवा, लहान मापाच्या जर्सीवरचे अंक उष्णतेनं चिकटवलेले असतात ते सुटतात. मग त्याच्या हॉकी बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात ठेवून द्या. जानेवारीत बाहेरच्या रिंकवर बर्फ धरला की तिथं कुणी कसलीही जर्सी घालून येतं. काढायची असेल तर तो काढेल.